दस्ता तयार आहे

शब्बीर मिस्त्री यांच्यावर अन्याय झाला. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, त्यांच्याच दुकानाच्या फळीवर. पोरं रांगेत उभी होती. कुणाच्या लाकडी बैलाचं शिंग बसायचं होतं, कुणाच्या बैलाला चाकं लागायची होती, आणि पोलिसांची गाडी येऊन थांबली.

इतकं मी ठामपणे सांगू शकते. यापुढे माझा गोंधळ आहे. मी पत्रकं लिहिते. पत्रकात एक अन्याय असतो, एक अन्याय करणारा असतो आणि खाली तीन मागण्या असतात. शब्बीरचाचांसाठी मी चार वेळा पत्रक लिहायला बसले आणि चारही वेळा ‘अन्याय करणारा’ या ओळीशी अडले. म्हणून हे पत्रक नाही. आधी माणूस सांगते.

आमचं गाव आरमोरी-वडसा रस्त्यापासून थोडं आत. गावाच्या तोंडाशीच चाचांचं दुकान: टिनाचं छप्पर, पुढे रुंद फळी, मागे भिंत. लोक त्यांना मिस्त्री म्हणत, आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्ती करत. “मी मिस्त्री नाई. खाट बनवत नाई, दार बनवत नाई. मी दस्तेवाला.” गाव ज्याला दांडा म्हणतं त्याला चाचा दस्ता म्हणत. कुऱ्हाडीचा दस्ता, विळ्याचा दस्ता, फावड्याचा दस्ता. त्यांच्या वडलांचा शब्द. वर्षातून एकदा, पोळ्याच्या पंधरा दिवसांत, ते पोरांसाठी बैल करत. तेवढंच दस्ता नसलेलं काम.

दुकानात पाय ठेवला की चाचा ‘काय पाहिजे’ असं विचारत नसत. “बाही वर कर,” म्हणत. मग फळीवर कोपर टेकवायला लावून कोपराच्या वळणापासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत तिवसाच्या लाकडाची एक काठी धरत. काठीवर खाचा होत्या, आकडे नव्हते. इंचांचा आकडा चाचांच्या डोक्यात. तो ते कोळशानं मागच्या भिंतीवर लिहीत: सव्वातेरा. साडेतेरा. चौदाला एक सूत कमी. नाव कधीच नाही. त्यांच्यासाठी माणसाचं नाव म्हणजे तो आकडा. रस्त्यावरून सायकलनं जाणाऱ्या पोलीसपाटलाला ते हाक मारत, “ओ सव्वातेरा, तुमच्या कुऱ्हाडीले पाचर मारून घ्या ना,” आणि पोलीसपाटील खरंच थांबत.

दुसऱ्याच्या मापाचा दांडा ते कुणाला देत नसत. भावाची कुऱ्हाड भावानं वापरली तरी चिडत. “त्याचा हात साडेतेरा, तुहा पावणेतेरा. सांजेले खांदा दुखते अन् तू म्हणते का लाकूड कडक होतं.” लाकूड कधीच कडक नसतं, माप चुकलेलं असतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. बाकी तत्त्वज्ञान त्यांच्याकडे नव्हतं. मी सामूहिक वनहक्कांवर बोलायला लागले की ते कान देत, मान हलवत, आणि शेवटी माझ्या फलकाच्या काठीकडे बोट दाखवत. “हे बांबू कोणं देल्लं तुले? तुह्या हाताले लांब हाय. अर्ध्या मोर्चात खाली येत असंल तुहा फलक.”

येत होता. मी लोकांच्या निरुत्साहाला दोष देत होते.

त्यांनी माझी बाही वर केली, काठी धरली, आणि भिंतीवर लिहिलं: पावणेबारा. त्या दिवसापासून मी पावणेबारा. पुढच्या मोर्चात फलक शेवटपर्यंत वर राहिला. मागण्या मान्य झाल्या नाहीत, पण तो दोष काठीचा नव्हता.

आमच्या दोघांत एक विनोद होता, तो सांगणं भाग आहे. वडशाचा छापखानेवाला कागद दस्त्यानं मोजतो, त्यामुळे माझ्याही तोंडात तो शब्द बसला. चोवीस ताव म्हणजे एक दस्ता, हे तुम्हाला माहीत असेल. पण आमच्या वनहक्क समितीत छापून आलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यालाच सगळे दस्ता म्हणू लागले. पावसाळ्यात आमच्या कार्यालयाचं छप्पर गळतं, चाचांचं टिन गळत नाही. म्हणून माझे दस्ते चाचांच्या दुकानात, त्यांच्या दस्त्यांच्या शेजारी. चाचा म्हणत, “तुहा दस्ता फाटते, माहा फुटते. दोन्ही वाया.” मी हसत असे. आता हसू येत नाही.

थंडीत वडशाला नाटकं उभी राहिली की चाचांकडे बंदुका यायच्या. म्हणजे लाकडी, झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाला लागतात त्या. चाचा नटाचं माप घेतल्याशिवाय बंदूक देत नसत. एकदा मी त्यांच्यासोबत नाटकाला गेले होते. तिसऱ्या अंकात खलनायकानं बंदूक बगलेत खुपसली आणि संवाद सुरू केला. चाचा पहिल्या रांगेत होते. ते उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “बगलेत नाई, खांद्याले लाव. मी खांद्याचं माप घेतलो होतो.” मंडप हसला. खलनायकानं संवाद थांबवला, बंदूक खांद्याला लावली, चाचांकडे पाहून विचारलं, “आता बराबर?” चाचा म्हणाले, “आता मार.” नायिकेचा बाप मग मेला.

हे मला त्या वेळी फार आवडलं होतं. खोटी बंदूक, खरं माप.

मग उन्हाळ्याच्या शेवटी खरी बंदूक आली. बंदूक नव्हे, तिचा तुटका दस्ता, खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. सिमेंटच्या पोत्यात गुंडाळून तो घेऊन आला पोलिसांच्या शस्त्रांची दुरुस्ती बघणारा एक म्हातारा हवालदार, निवृत्तीला आलेला. सोबत सुनीता मडावी नावाची शिपाई, हेमलकशाच्या वाटेवरच्या एका चौकीत नेमणुकीला. बारीक चणीची, माझ्याच वयाची. नाला ओलांडताना पाय घसरला, रायफल दगडावर आपटली आणि दस्ता मानेपाशी चिरला.

मी तिथे होते. पत्रकं मोजत होते. निघून जायला हवं होतं, असं मी समितीत नंतर म्हणाले. पण गेले नाही.

रायफल होती ती, एक गोळी सुटली की पुढची आपसूक भरणारी. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. हे हवालदारानं चाचांना समजावलं, कारण चाचांनी विचारलं की धक्का किती आणि किती वेळा. हवालदाराकडे निवड करायला दोन गोष्टी होत्या. एक, कोठारातला काळा प्लास्टिकचा दस्ता, न वाकणारा, न सडणारा, पण एकाच लांबीचा. दोन, मोडीत काढलेल्या रायफलींचे जुने लाकडी दस्ते, तेही सगळे लांब. सुनीता म्हणाली, घडी होणारा नाही का बसणार, फटफटीवर बरा पडतो. हवालदारानं मान हलवली. या रायफलीची स्प्रिंगच दस्त्याच्या पोटात असते, त्यामुळे घडी होत नाही. पक्का एकसंधच पाहिजे.

“पक्काच पाहिजे,” चाचा म्हणाले, जणू त्यांनाच कुणी विचारलं होतं. “बाई, बाही वर करा.”

सुनीतानं हवालदाराकडे पाहिलं. मग गणवेशाची बाही वर केली. दंडावर, खांद्याच्या खाली, निळा-पिवळा डाग होता, तळहाताएवढा. चाचांनी काठी धरली. “सव्वाबारा. अन् तुमच्या कोठारातला कितीचा?” हवालदारानं सांगितलं, तेराच्या वर. चाचांनी डागाकडे बोट दाखवलं. “हे त्याचंच हाय. खांदा पुरत नाई म्हणून दंडावर घेऊन राह्यल्या.”

तिनं खालच्या आवाजात सांगितलं की पोळ्यानंतर वार्षिक नेमबाजी आहे. मागच्या वेळी ती काठावर पास झाली. या वेळी नापास झाली तर चौकीवरून काढून कचेरीत बसवतील. तिला कचेरी नको होती. त्या भागात गोंडी बोलणारी ती एकटीच होती, आणि लोक तक्रार घेऊन आले तर तिच्याशीच बोलत.

मी तेव्हा काय विचार करत होते ते लिहून टाकते. मी भिंतींवर ‘बंदुका नकोत, दाखले द्या’ असं स्वतः रंगवलं आहे. आणि मी तिथे बसून मनात म्हणत होते की हिला नीट दस्ता मिळाला पाहिजे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एका कागदावर कशा बसवायच्या, मला अजून समजलेलं नाही.

चाचांनी चिठ्ठी मागितली. कामाची लेखी चिठ्ठी. हवालदार म्हणाला, पाठवतो. माप आणि आकार काढून घेतल्यावर तुटका दस्ता तो परत घेऊन गेला, सरकारी वस्तू म्हणून. चिठ्ठी आली नाही. श्रावणात हवालदार निवृत्त होऊन गावी निघून गेला.

लाकूड निवडायला चाचांनी अकरा दिवस लावले. मी रोज बघत होते. सागवान घेतलं, ठोकून ऐकलं, ठेवलं: पातळ मानेपाशी रेषेनं फाटेल. धावडा उचलला, ठेवला: कुऱ्हाडीला ठीक, पण वाळता वाळता पीळ घेतो. शिसम जड. त्या पोरीला डोंगर चढायचा आहे, म्हणाले, ओझं कशाला. शेवटी कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा उंबरा आणला, तिवसाचा. सुनीता बघायला आली तेव्हा थबकली. उंबऱ्याचं लाकूड, त्याला हळद-कुंकू लागलेलं, ते बंदुकीला कसं लावायचं? चाचांनी उंबऱ्याच्या मधला झिजलेला खोलगट भाग तिला हातानं चाचपायला लावला.

“यानं दोन पिढ्यांचे पाय सोसले, बाई. तुमचा खांदा सोसंल.”

उंबऱ्याला हात लावून तिनं तो कपाळाला लावला आणि निघाली.

पोळ्याच्या दिवशी दस्ता जवळजवळ तयार होता. तेल पाजून बैलांच्या ढिगाखाली ठेवला होता, पोरांनी खेळायला उचलू नये म्हणून. आणि माझाही दस्ता तयार होता: बांबूच्या हक्काचं गुलाबी पत्रक, नुकतंच वडशाहून आलेलं. त्या संध्याकाळी मी समितीच्या फोनवरच्या गटात लिहिलं: ‘शब्बीरचाचांकडे दस्ता तयार आहे. उद्या सकाळी उचलायचा. आतल्या गावांत वाटायचा आहे.’

परत वाचा. मी कितीदा तरी वाचलं आहे.

गटातल्या कुणीतरी ते पुढे पाठवलं. कुणी, हे आजही कुणी कबूल करत नाही. ते पुढे पुढे जात ज्याच्यापर्यंत पोचलं तो ठाण्याचा साहेब बाहेरून आलेला होता. त्याच्या हिंदीत दस्ता म्हणजे हत्यारबंद तुकडी. त्याच्या जमादाराच्या मते दस्ता म्हणजे बंदुकीचा. कागदाचा दस्ता त्या खोलीत कुणालाच आठवला नाही. जंगलाच्या जिल्ह्यात ‘आतल्या गावांत वाटायचा आहे’ असं वाक्य वाचल्यावर मलाही आठवला नसता, असं मला आता वाटतं, आणि असं वाटलं की स्वतःचाच राग येतो.

तान्ह्या पोळ्याला सकाळी आठ वाजता मी माझा दस्ता उचलून नेला. दहा वीसला दुकानात एकच दस्ता उरला होता.

त्यांनी बैल बाजूला केले आणि तो सापडला. पोरांनी मला नंतर सांगितलं की चाचा म्हणाले, “सांभाळून साहेब, तेल ओलं हाय.” बैल कुणी फोडले नाहीत, कुणी हात उचलला नाही, पत्रकात घालण्यासारखं तसं काही नाही. फक्त चाचांना गाडीत बसवून ठाण्यात नेलं, दुकानाला कडी लागली, बैल आत राहिले, आणि दुपारी आमच्या गावच्या तान्ह्या पोळ्यात निम्मी पोरं रिकाम्या दोऱ्या धरून उभी होती.

मी ठाण्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. सोबत दहा-बारा जण, घोषणा, तोच पावणेबाराच्या काठीचा फलक. आम्हाला व्हरांड्यात थांबवलं. खिडकीतून आतलं दिसत होतं. चाचा बाकावर, हात मांडीवर. टेबलावर दस्ता, शेजारी तिवसाची काठी. जमादारानं दुकानाच्या मागच्या भिंतीवरचे सगळे आकडे वहीत उतरवून आणले होते आणि साहेब एकेक वाचून विचारत होता. हा सव्वातेरा कोण? चाचांनी सांगितलं, पोलीसपाटील. साडेतेरा? भाताच्या गिरणीवाला. साहेबाला वाटत होतं की हे सांकेतिक शब्द आहेत, आणि चाचा इतक्या सहज उत्तरं देत होते की त्याला ते अजूनच पटत होतं.

“और ये पावणेबारा?”

चाचांनी मान वर केली. खिडकीतून त्यांना मी दिसत होते. फलक वर होता, त्यावर माझंच अक्षर.

“तो माणूस नाई, साहेब. बांबूच्या काठीचं माप हाय.”

“बाकी सब आदमी, और ये एक काठी?”

“हो.”

साहेबानं पेन खाली ठेवलं. तीनदा विचारलं. चाचांनी तीनदा काठीच सांगितलं. एवढ्या आकड्यांत त्यांनी एकच लपवला आणि साहेबाला नेमकं तेच लपवणं दिसलं. संध्याकाळपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवलं ते त्या एका आकड्यापायी.

मला आत जाऊन म्हणता आलं असतं: पावणेबारा मी. दस्ता म्हणजे कागद. निरोप माझा. तीन वाक्यं होती. मी त्याऐवजी घोषणा दिल्या. का, ते मला सांगता येत नाही. भीती होती म्हणावं तर मी याआधी दोनदा त्याच व्हरांड्यात निर्भयपणे बसले आहे. बहुतेक मला घोषणाच देता येतात.

सूर्य कलल्यावर, खबर लागून, सुनीता आली. चौकीवरून बसनं, मग कुणाच्या तरी फटफटीवर मागे बसून. बूट चिखलानं भरलेले. व्हरांड्यातून जाताना तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. आत सलाम केला. बोलली ते मोजकं. हवालदाराचं नाव सांगितलं, चिठ्ठी आली नाही हे सांगितलं. साहेब म्हणाला, कागद नाही तर मी कशावरून मानू.

तिनं बाही वर केली. टेबलावर कोपर टेकवलं, दस्ता उचलून त्याची मागची बाजू कोपराच्या आतल्या वळणाला लावली आणि पहिलं बोट सरळ केलं. चाप जिथे यायचा, नेमकं तिथे बोटाचं पेर आलं.

“कोणाच्याही हाताले लावून पाहा, साहेब,” ती म्हणाली. “हा माह्याच हाताचा हाय.”

साहेबानं खरंच लावून पाहिला. आधी जमादाराच्या हाताला, मग स्वतःच्या. दोघांचीही बोटं चापाची जागा ओलांडून पुढे गेली. चाचा बाकावरून बघत होते, आणि मी शपथेवर सांगते, त्यांना साहेबाचा आकडा कळला होता. ओठ हलले होते. पण भिंत जवळ नव्हती.

दिवेलागणीच्या आधी त्यांना सोडलं. गैरसमज झाला, असं साहेब म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. दस्ता आणि काठी मात्र मुद्देमाल म्हणून चिठ्ठी लावून कपाटात गेली. ती अजून तिथेच आहेत. सुनीतानं नेमबाजी काळ्या लांब दस्त्यावर दिली. निकाल मला माहीत नाही. ती चौकीवर आहे की कचेरीत, हे विचारायला मला तोंडच उरलेलं नाही.

परवा मी चाचांकडे गेले. दुकान उघडं होतं. फळीवर पोळपाट आणि लाटणी होती, एकाच मापाची, ओळीनं. भिंतीला चुना दिलेला. पोलीसपाटील सायकलवरून गेला. चाचांनी हाक मारली नाही, त्यानं मान वळवली नाही. मी गेल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं आणि मला माझ्या नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला ते नाव परकं वाटलं.

मी म्हणाले, चाचा, कुऱ्हाडीला दांडा पाहिजे, माझं माप घ्या. त्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. “काठी नाई ना माह्यापाशी.” मी म्हणाले, अंदाजे घ्या. “अंदाजे घेतो तं मंग मी दस्तेवाला कायचा?” मग म्हणाले, “लोकंच येऊन नाई राह्यले, बेटा. आकडा लिहिला का मागून कोणी नाव विचारते, असं वाटते त्याईले. बराबरच हाय.” मी निघाले तेव्हा ते एक लाटणं हातात घेऊन फिरवत होते, डोळे मिटून, मानेपाशी जाड आहे का ते अंगठ्यानं बघत. लाटण्याला मान नसते.

हे मी ठाण्याला लेखी दिलं आहे, तुमच्यापुढेही लिहिते: पावणेबारा म्हणजे मी. निरोप माझा होता. दस्ता कागदाचा होता.

आता तुम्ही. निरोप पुढे पाठवणारे, वाचून गप्प राहिलेले, त्या भिंतीवर ज्यांचा आकडा होता ते सगळे. मी दर वेळी सही मागते, या वेळी नको. चाचांच्या दुकानात जा. फळीवर कोपर टेकवा, बाही वर करा. काठी नाही म्हणाले तर स्वतःच्या कुंपणाची एक काठी तोडून घेऊन जा आणि त्यांच्या हातात द्या. आकडा भिंतीवर लिहून घ्या, आणि त्याच्यापुढे स्वतःच्या हातानं तुमचं नाव लिहा.